बोटावरचा आकडा आणि रक्तातला प्राणवायू : महिला खेळाडूंच्या व्यायामकालीन मापनपद्धतीची चिकित्सा

बीजशब्द : प्राणवायू-संपृक्तता, पल्स ऑक्सिमीटर, हिमोग्लोबिन, रक्तक्षय, महिला खेळाडू, ग्रामीण महाविद्यालय

प्रस्तावना

क्रीडाविषयक संशोधनात अलीकडे एका लहानशा उपकरणाने मोठी जागा व्यापली आहे. चिमट्यासारखे बोटाला लावावे, क्षणभर थांबावे आणि पडद्यावर उमटलेला आकडा टिपून घ्यावा, इतकी त्याची हाताळणी सोपी आहे. पल्स ऑक्सिमीटर हे नाव आता ग्रामीण भागातही कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शारीरिक शिक्षण विषयातील लघुप्रबंधांत आणि चर्चासत्रांतील निबंधांत या उपकरणाने घेतलेली नोंद वारंवार आढळू लागली आहे. पद्धत ठरलेली असते. महाविद्यालयातील काही विद्यार्थिनी निवडायच्या, व्यायामापूर्वी एक नोंद घ्यायची, व्यायाम संपल्यावर दुसरी घ्यायची, दोन्हींच्या माध्यांची तुलना करायची आणि ०.०५ या सार्थकता स्तरावर फरक आढळला की नाही हे सांगायचे. बहुधा तो आढळत नाही. त्यावरून मुलींच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण व्यायामात टिकून राहते, असा निष्कर्ष निघतो आणि प्रकरण संपते.

प्रस्तुत लेखात या मापनपद्धतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. उपकरण सदोष आहे असे येथे म्हणावयाचे नाही. त्याच्या मर्यादा आहेत, त्यांचा विचार पुढे येईलच. परंतु मुख्य आक्षेप त्या उपकरणाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नावर आहे.

विवेचनासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातले हेदवी हे गाव समोर ठेवले आहे. दशभुजा लक्ष्मीगणेशाचे मंदिर आणि भरतीच्या वेळी पाण्याचा उंच फवारा उडविणारी बामणघळ यांमुळे हे गाव पर्यटकांस परिचित आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे. हेदवीचा किनारा म्हणजे साक्षात समुद्रसपाटी. येथे हवेतील प्राणवायूचा दाब पूर्ण असतो. त्यामुळे येथे धावणाऱ्या मुलीच्या रक्तातील प्राणवायू कमी झाला, तर त्याचे खापर विरळ हवेवर फोडता येत नाही. कारण तिच्या शरीरातच शोधावे लागते. दुसरे असे की, अशा गावात धमनीतील रक्त काढून त्यातील वायूंचा दाब मोजणारी क्रीडाप्रयोगशाळा अपेक्षिता येत नाही. जी पद्धत येथे राबविता येईल, ती राज्यातील बहुसंख्य ग्रामीण महाविद्यालयांना राबविता येईल.

उपकरणाचा प्रवास

रक्तातील प्राणवायू त्वचेवरून मोजण्याच्या कल्पनेला युद्धकाळात चालना मिळाली. उंचावरून उडणारे वैमानिक प्राणवायूअभावी बेशुद्ध पडत, त्यांच्यासाठी ग्लेन मिलिकन यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी कानाच्या पाळीला लावावयाचे उपकरण तयार केले आणि त्याला ऑक्सिमीटर हे नाव दिले. आज वापरात असलेल्या उपकरणाचे तत्त्व मात्र जपानमधील निहोन कोहडेन या कंपनीत काम करणाऱ्या ताकुओ आओयागी यांचे. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी बोटातील धमनीरक्ताचे प्रमाण किंचित वाढते व घटते. तेवढा बदलता भाग वेगळा काढला तर केवळ धमनीरक्ताची माहिती मिळू शकते, हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले. तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाशकिरण बोटातून पलीकडे जातात. प्राणवायू धारण केलेले आणि न केलेले हिमोग्लोबिन हे दोन किरण वेगवेगळ्या प्रमाणात शोषून घेते आणि त्यांच्या गुणोत्तरावरून टक्केवारी काढली जाते.

शस्त्रक्रियागृहातून हे उपकरण सर्वसामान्यांच्या हाती आले ते करोनाच्या साथीत. महाराष्ट्र शासनाने १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राबविली. तापमापक आणि ऑक्सिमीटर घेतलेली पथके घरोघरी गेली. त्याच काळात सहा मिनिटे चालण्याच्या चाचणीचाही प्रसार झाला. आधी एक नोंद घ्यावी, सहा मिनिटे सपाट जागेवर चालावे आणि पुन्हा नोंद घ्यावी. आकडा उतरला तर वैद्यकीय सल्ला घ्यावा, अशी ती साधी रीत. व्यायाम आणि प्राणवायू यांचा संबंध खेड्यापाड्यांतील कुटुंबांनी प्रथमच असा स्वतःच्या बोटावर पाहिला.

त्या परिस्थितीत ती रीत योग्यच होती. फुप्फुसाला सूज आलेली असेल तर रक्ताला प्राणवायू मिळण्यातच अडथळा येतो आणि तो आकड्यात उमटतो. प्रश्न फुप्फुसाचा होता आणि उपकरण फुप्फुसाविषयीच बोलत होते. साथ ओसरल्यावर महाविद्यालयांच्या कपाटांत राहिलेली ही उपकरणे मैदानावर आली आणि त्यांच्याबरोबर तीच रीतही जशीच्या तशी आली. निरोगी, तरुण आणि सराव करणाऱ्या मुलीच्या बाबतीत विचारावयाचा प्रश्न तोच आहे काय, याचा विचार मात्र झाला नाही.

टक्केवारी कशाची?

वाचकांपैकी अनेकांचा विषय शरीरशास्त्र नाही, म्हणून एक घरगुती दाखला घेणे सोयीचे होईल. गुहागर आगारातून सुटणाऱ्या एस. टी. गाड्यांमधील ९८ टक्के आसने भरलेली होती, अशी नोंद आपल्या हाती आली. या नोंदीवरून त्या दिवशी किती प्रवासी गेले हे सांगता येईल काय? गाड्या किती सुटल्या हे ठाऊक असल्याखेरीज नाही. वीस गाड्या ९८ टक्के भरून गेल्या काय आणि तेरा गाड्या ९८ टक्के भरून गेल्या काय, नोंद एकच राहील. थांब्यावर ताटकळणाऱ्यांची संख्या वेगळी असेल.

ऑक्सिमीटर भरलेल्या आसनांची टक्केवारी सांगतो. गाड्या म्हणजे हिमोग्लोबिन. ते किती आहे याविषयी नेहमीचा ऑक्सिमीटर एक अक्षर बोलत नाही.

हे अंकांत मांडता येते. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले असता सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेते. ज्या मुलीचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅम आहे आणि संपृक्तता ९८ टक्के आहे, तिच्या १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १७.१ मिलिलिटर प्राणवायू असतो. दुसरीचे हिमोग्लोबिन ९ ग्रॅम आणि संपृक्तता तीच ९८ टक्के. तिच्या तेवढ्याच रक्तात ११.८ मिलिलिटर प्राणवायू असतो. म्हणजे जवळपास तीस टक्के तूट, आणि ऑक्सिमीटरवर दोघींचा आकडा एकच. आता तिसरी मुलगी घेऊ. तिचे हिमोग्लोबिन १३ ग्रॅम आहे, पण जोरदार धावताना संपृक्तता ८८ टक्क्यांवर आली आहे. हा आकडा पाहून कोणताही मार्गदर्शक घाबरून तिला खाली बसवील. प्रत्यक्षात तिच्या रक्तात १५.३ मिलिलिटर प्राणवायू आहे, म्हणजे ९८ टक्के दाखविणाऱ्या दुसऱ्या मुलीपेक्षा कितीतरी अधिक. रक्तद्रवात विरघळलेला अल्पसा प्राणवायू या हिशेबात धरलेला नाही. त्याने तात्पर्यात फरक पडत नाही.

रक्तक्षय असलेल्या मुलीची फुप्फुसे बहुधा निरोगी असतात. जेवढे हिमोग्लोबिन फुप्फुसात येते तेवढे ती भरून पाठवितात. त्यामुळे विश्रांतीत आणि व्यायामानंतर तिची टक्केवारी उत्तमच राहते. तूट भरून काढण्याचा भार हृदयावर पडतो. तेवढ्याच कामासाठी त्याला अधिक ठोके द्यावे लागतात. विशेष म्हणजे नाडीचा हा आकडा ऑक्सिमीटरच्या त्याच पडद्यावर, टक्केवारीच्या शेजारीच, दिसत असतो. लघुप्रबंधांच्या तक्त्यांत मात्र तो एकतर येत नाही किंवा आला तरी त्याचा टक्केवारीशी मेळ घातला जात नाही. उपकरण देत असलेल्या दोन अंकांपैकी ग्रामीण मुलीविषयी अधिक बोलणारा अंक आपण सोडून देतो, हे खेदाने नमूद करावे लागते.

ही चर्चा केवळ तात्त्विक ठरली असती, जर रक्तक्षय हा आपल्याकडे अपवाद असता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. चौथ्या फेरीत (२०१५–१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. देशाचा आकडा ५७ टक्क्यांचा आहे. बोटाच्या टोकाला टोचून घेतलेल्या थेंबावर आधारलेल्या या मापनाविषयी तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि शिरेतील रक्त तपासले तर प्रमाण कमी भरेल असे त्यांचे म्हणणे आहे. तो आक्षेप मान्य करून आकडा बराच खाली आणला तरीही वर्गातील आणि संघातील अनेक मुली त्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेने गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी १२ ग्रॅम ही मर्यादा ठरविली आहे, तिच्या खाली जाणे म्हणजे रक्तक्षय. शिवाय हिमोग्लोबिन या मर्यादेच्या वर असूनही शरीरातील लोहाचा साठा आटलेला असू शकतो; ती अवस्थाही दमसासावर परिणाम करते.

खेळाडू मुलीच्या बाबतीत यात आणखी भर पडते. मासिक पाळीतून लोह जाते. धावताना तळपायांवर होणाऱ्या आघाताने काही तांबड्या पेशी फुटतात. कष्टाच्या व्यायामानंतर काही तास हेप्सिडिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि आतड्यातून लोह शोषले जाणे मंदावते. जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घेतलेला चहा हेच करतो, आणि कोकणातल्या काय किंवा देशावरच्या काय, आपल्या घरांत चहाची वेळ पाळली जाते, लोहाची नाही.

यातून निर्माण होणारा धोका मराठी भाषेतच नेमका पकडला गेला आहे. मैदानावर "हिला दम नाही" असे म्हटले जाते. दम या शब्दात श्वास आहे आणि धैर्यही आहे. श्वासाची उणीव धैर्याची उणीव म्हणून वाचली जाते आणि मुलगी संघातून वगळली जाते. पूर्वी निदान हा मार्गदर्शकाचा अंदाज होता. त्याविषयी वाद घालता येत असे. आता त्याला उपकरणाची साक्ष मिळते. प्राणवायू ९८ आहे, म्हणजे शरीर ठीक आहे, म्हणजे कसूर मनाची आहे! अपूर्ण मापन हे मापन न करण्यापेक्षा अधिक घातक ठरते ते असे.

जिथे आकडा खरोखर उतरतो

वरील विवेचनावरून संपृक्तता मोजणे निरर्थक आहे असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही. उच्च दर्जाच्या खेळाडूंत, समुद्रसपाटीवरदेखील, कमाल श्रमात धमनीरक्तातील प्राणवायू खरोखर उतरतो. जेरोम डेम्प्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये निरोगी धावपटूंमध्ये ही घटना तपशिलाने नोंदविली. पुढे १९९९ मध्ये डेम्प्सी आणि वॅग्नर यांनी तिच्या पायऱ्या सुचविल्या : ९३ ते ९५ टक्के म्हणजे सौम्य, ८८ ते ९३ म्हणजे मध्यम आणि ८८ च्या खाली तीव्र घट. विश्रांतीतील पातळीपासून तीन-चार टक्क्यांची घट झाली की कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमतेवर परिणाम दिसू लागतो.

याचे कारण उद्बोधक आहे. विश्रांतीत रक्ताचा कण फुप्फुसातील केशवाहिनीतून जाण्यास सुमारे पाऊण सेकंद घेतो. कमाल श्रमात हृदय इतक्या जोराने रक्त ढकलते की हा अवधी त्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. सरावाने हृदय आणि स्नायू वाढतात, फुप्फुसे मात्र त्या मानाने वाढत नाहीत. म्हणून ज्यांचे हृदय सर्वाधिक सरावलेले, त्यांच्याच बाबतीत फुप्फुस अपुरे पडण्याचा संभव अधिक. शिवाय व्यायामात शरीर तापते आणि रक्तातील आम्लता वाढते. त्यामुळे हिमोग्लोबिनची प्राणवायूवरील पकड सैल होते आणि फुप्फुसातील देवघेव ठीक असतानाही टक्केवारी थोडी घसरते. स्नायूंना ही सैल पकड उपयोगीच पडते. म्हणजे आकडा उतरला या एका घटनेमागे दोन वेगळी कारणे असू शकतात आणि त्यांपैकी एक हितकारक आहे.

स्त्रियांचा प्रश्न येथे स्वतंत्रपणे उभा राहतो. समान उंचीच्या पुरुषापेक्षा स्त्रीची फुप्फुसे लहान असतात आणि फुप्फुसांचा आकार समान असला तरी श्वासनलिकेच्या शाखा अरुंद असतात. तेवढीच हवा आत-बाहेर करण्यास तिच्या श्वसनस्नायूंना अधिक श्रम पडतात. क्रेग हार्म्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २९ निरोगी तरुणींपैकी २२ जणींच्या धमनीरक्तातील प्राणवायूचा दाब कमाल श्रमात १० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक उतरलेला आढळला, आणि त्यांतील काही जणी फार सरावलेल्याही नव्हत्या. नंतरच्या काही अभ्यासांत एवढे मोठे प्रमाण आढळले नाही. स्त्रियांत ही घट पुरुषांपेक्षा खरोखर अधिक असते काय, हा वाद मिटलेला नाही आणि तो न मिटण्याचे एक कारण स्त्रियांवरील अभ्यासांची तुटपुंजी संख्या हे आहे. क्रीडावैद्यकाच्या नियतकालिकांतील २०११ ते २०१३ या काळातील लेखांची पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांतील प्रयोगव्यक्तींमध्ये स्त्रियांचे प्रमाण ३९ टक्के आढळले. आपल्या शारीरिक शिक्षण विभागांत आजही प्रिय असलेली हार्वर्ड स्टेप टेस्ट १९४३ मधली, युद्धकाळात पुरुषांसाठी बेतलेली. स्त्रियांसाठी पायरीची उंची नंतर कमी करण्यात आली, एवढाच काय तो विचार.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर हा प्रश्न कोणाच्या संदर्भात खरा आहे हे सांगता येते. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदविला आणि अंतिम फेरीत दहावे स्थान मिळविले. पी. टी. उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी भारतीय महिला ऑलिंपिकच्या धावमार्गावरील वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली होती. हा विक्रम पुढे २०२३ मध्ये पारुल चौधरी यांनी मागे टाकला. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत याच शर्यतीत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक आणि त्यांच्यात एका सेकंदाहून कमी अंतर होते. नऊ मिनिटे किंवा बत्तीस मिनिटे कमाल श्रमाच्या काठावर धावणाऱ्या अशा खेळाडूच्या बाबतीत दोन-तीन टक्के संपृक्तता म्हणजे पदकाचा प्रश्न असतो. तेथे धावत असतानाचे अचूक मापन हवे आणि तेही प्रत्यक्ष धमनीरक्ताशी ताडून पाहिलेले.

खो-खोचे उदाहरण याच्या उलट. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात प्रियंका इंगळे या महाराष्ट्राच्या खेळाडूच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने नेपाळला हरवून अजिंक्यपद मिळविले. या खेळात धाव आखूड, वळणे तीव्र आणि मध्ये क्षणभर विसावा. दोन धावांमध्ये स्नायू किती लवकर सावरतात यावर सारे अवलंबून, आणि ते सावरणे प्राणवायूच्या एकूण पुरवठ्यावर, पर्यायाने हिमोग्लोबिनवर. कोकणातील शाळा-महाविद्यालयांतील मुलींना खो-खो आणि कबड्डी हेच खेळ जवळचे आहेत. त्यांच्या बाबतीत टक्केवारीचा तक्ता देणारा लघुप्रबंध एका वेगळ्याच खेळाडूचा प्रश्न सोडवीत असतो.

थांबल्यानंतरची नोंद

मापनाच्या तांत्रिक बाजूकडे आता वळू. व्यायामानंतर ही संज्ञा आपल्या प्रबंधांत फार सैल आहे. मुलगी थांबते, रांगेत उभी राहते, बोट पुसते, उपकरण लावते, आकडा स्थिरावण्याची वाट पाहते. तेवढ्यात धाप चालूच असते आणि स्नायूंची मागणी उतरलेली असते. रक्तातील संपृक्तता झपाट्याने पूर्वपदावर येते. जी घट शोधावयाची ती नोंद होण्यापूर्वीच नाहीशी झालेली असते. व्यायामकालीन असे शीर्षक देऊन विश्रांतीकालीन नोंद छापणे ही पद्धतीची चूक आहे, सांख्यिकीने ती दुरुस्त होत नाही.

मग धावतानाच उपकरण लावून ठेवावे काय? त्यातही अडचणी आहेत. हात हलला की नाडीच्या लहरीत खोटी भर पडते. जोरदार व्यायामात त्वचेकडील रक्तप्रवाह बदलतो आणि मूठ आवळलेली असेल तर बोटापर्यंत नाडी नीट पोचतच नाही. कपाळावर किंवा कानाच्या पाळीवर लावलेला संवेदक बोटापेक्षा लवकर व विश्वासार्ह बदल दाखवितो, परंतु आपल्याकडे असते ते बोटाचे उपकरण. मनगटी घड्याळातील मापन तर बहुतांशी स्थिर हातासाठीच योग्य. प्रत्यक्ष रक्तपरीक्षेशी ताडता चांगल्या ऑक्सिमीटरमध्येही दोन-तीन अंकांचा फरक गृहीत धरला जातो. अशा स्थितीत ९८.१ वरून ९७.६ अशी माध्याची घट दशांशासह छापणे म्हणजे गवताच्या काट्यावर सोने तोलल्याचा आव आणणे होय.

त्वचेच्या वर्णाचा मुद्दा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, रक्तातील प्राणवायू धोकादायकरीत्या कमी असूनही ऑक्सिमीटरने तो पुरेसा दाखविण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळपास तिप्पट होते. त्यानंतर २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या मर्यादेविषयी इशारा दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये चाचण्यांसाठी नव्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा प्रसिद्ध केला. भारतीयांच्या त्वचेत वर्णाच्या किती छटा आहेत हे वेगळे सांगावयास नको. प्रयोगव्यक्तींच्या त्वचेचा वर्ण, उपकरणाचा प्रकार, नखांवरील रंग किंवा बोटावरील मेंदी यांची नोंद लघुप्रबंधात असणे ही किमान अपेक्षा आहे.

राहिला माध्याचा प्रश्न. संपृक्ततेला १०० ची कमाल मर्यादा आहे आणि निरोगी व्यक्ती त्या मर्यादेला टेकूनच असतात. अशा आकड्यांचे माध्य काढले तर ते ९७-९८ च्या आसपासच येणार. वीस मुलींपैकी एकीची संपृक्तता खरोखर ८९ वर आली असेल, तर माध्यात ती अर्ध्या टक्क्याच्या घटीएवढी उरते आणि टी-चाचणी तिला असार्थक ठरवून मोकळी होते. वास्तविक त्या एकीसाठीच मापन करावयाचे होते. ती उत्तम खेळाडू असेल, तिला दम्याचा सुप्त विकार असेल किंवा संवेदक सरकला असेल. तीनही शक्यता तपासण्याजोग्या. हार्म्स यांच्या अभ्यासाचे मोल २९ पैकी २२ असे व्यक्तिगणिक सांगण्यात आहे.

हेदवीत काय करता येईल?

खर्चिक सामग्रीचा विचार बाजूला ठेवू. ओहोटीच्या वेळी उघडी पडणारी ओल्या, घट्ट वाळूची पट्टी ही मोजून घेतलेल्या अंतराच्या धावेसाठी पुरेशी आहे, आणि किनाऱ्यापासून वर चढणाऱ्या वाटा श्रमाची पातळी वाढविण्यास. बोटाचा ऑक्सिमीटर धावताना न वापरता स्थिर हाताने करता येणाऱ्या श्रमात वापरावा. पायरीचा व्यायाम करताना एक हात कठड्यावर सैल ठेवता येतो. नोंद शेवटच्या मिनिटात, पाय चालू असतानाच घ्यावी आणि नाडीचा आकडा तिच्या शेजारी लिहावा. लहरीची पट्टी दाखविणारे उपकरण असेल तर ती नियमित दिसल्याखेरीज आकडा स्वीकारू नये.

पण त्याआधी, आणि प्रस्तुत लेखिकेच्या मते अनिवार्यपणे, हिमोग्लोबिन. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात डिजिटल हिमोग्लोबिनमापकावर भर देण्यात आला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राशी महाविद्यालयाने पत्रव्यवहार केला तर वर्षारंभी संघातील मुलींची तपासणी होणे अवघड नाही. शक्य तेथे शिरेतील रक्त घ्यावे. दहा ते एकोणीस वयोगटासाठी आठवड्याला एक लोहयुक्त निळी गोळी देण्याची शासकीय योजना आहे. महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातील अनेक मुली त्या वयोगटात मोडतात, परंतु शाळा सुटली की गोळीही सुटते. ज्या मुली पालघर, नाशिक, नंदुरबार किंवा गडचिरोली अशा जिल्ह्यांतील आदिवासी कुटुंबांतून येतात, त्यांच्या बाबतीत सिकलसेलची तपासणीही झाली पाहिजे. १ जुलै २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय अभियान आहे. सिकलसेलचा वाहक असणे हे खेळण्यास अपात्र ठरविण्याचे कारण नाही. उन्हातील अतिश्रमात पाणी, विसावा आणि सरावाची चढती मात्रा यांबाबत अधिक दक्षता घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. ऑक्सिमीटरचा ९८ हा आकडा याविषयीही मौन पाळतो.

एक हरकत अपेक्षित आहे. ऑक्सिमीटर टोचत नाही, रक्त घ्यायचे म्हटले की पालक बिचकतात, संमतिपत्रे, नीतिसमिती अशा गोष्टी आल्या. लघुप्रबंधाच्या मुदतीत हे कसे बसावे? अडचण खरी आहे. पण सोपे आहे म्हणून निवडलेले मापन आणि प्रश्नाला लागू आहे म्हणून निवडलेले मापन यांतला फरक मार्गदर्शक प्राध्यापकाने संशोधनाच्या आराखड्यातच विचारावयास हवा. ज्याला रक्त तपासणे शक्य नाही त्याने निदान शीर्षकात रक्तातील प्राणवायू असे लिहू नये. बोटावरील संपृक्तता, श्रमाच्या अमुक टप्प्यावर, अमुक उपकरणाने, असे लिहावे. शीर्षक लांबेल, हरकत नाही.

आणखी एक बाब प्रबंधांच्या तक्त्यांत येत नाही, पण मैदानावर रोज येते. पाळीची तारीख, रक्तस्रावाचे प्रमाण, सकाळी काही खाऊन आली की नाही, घरचे पाणी भरून आली की नाही, या गोष्टी टक्केवारीइतक्याच नोंदण्याजोग्या आहेत. पाळीच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉनमुळे श्वसन किंचित वाढते, तेव्हा तारखेला शास्त्रीय कारणही आहे. ही माहिती पुरुष मार्गदर्शकासमोर, रांगेत, इतरांच्या देखत विचारली तर मुली ती देणार नाहीत, आणि त्यांनी का द्यावी? महिला प्राध्यापक किंवा परिचारिका यांच्याकडे ही नोंदवही असावी, नावाऐवजी क्रमांक असावा आणि संघनिवडीच्या बैठकीत ती वही मेजावर येऊ नये. कमी हिमोग्लोबिनची मुलगी आढळली तर तिला उपचार मिळावेत, सरावाचा भार हलका करावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा त्याच पायरीवर, त्याच गतीने, तिची नाडी मोजावी. तेवढ्याच कामाला ठोके कमी लागत असतील, तर तो फरक वहीत लिहून ठेवावा. टक्केवारीच्या रकान्यात तेव्हाही बहुधा ९८ च असेल.